डेल्फी आणि होसिओस लुकास : अथेन्सहून एका दिवसात, आई-बाबांसकट

वाटसरू | शनिवार, रात्री १०:४०

एप्रिलमध्ये आम्ही चौघं ग्रीसला जाऊन आलो. आई, बाबा, धाकटी बहीण आणि मी. अथेन्सच्या पाच दिवसांतला एक दिवस डेल्फी या प्राचीन देवस्थानासाठी ठेवला होता आणि परतीच्या वाटेवर होसिओस लुकास नावाचा हजार वर्षं जुना मठ. जाण्याआधी मराठीत शोधलं तर डेल्फीवर थोडंफार सापडलं, मठाबद्दल काहीच नाही. अथेन्सहून सुटणाऱ्या बऱ्याच सहली मठ गाळतात. माझं म्हणणं एवढंच की गाळू नका. वेळ कमी पडला तर डेल्फीचं स्टेडियम सोडा, दुकानं सोडा, मठ सोडू नका.

अंतर साधारण १८० किलोमीटर, अडीच ते तीन तास. आम्ही सकाळी सहाला निघालो. भाड्याची गाडी ऑटोमॅटिक हवी म्हणून चारदा सांगितलं होतं, हातात पडली गिअरची. त्यात गिअर उजव्या हाताने आणि गाडी रस्त्याच्या उजवीकडून. पहिला तासभर बाबा शेजारी बसून रिकाम्या जागी ब्रेक दाबत होते. लिवादिया मागे पडलं की सपाटी संपते आणि पार्नासस पर्वत अंगावर येतो. त्याच टापूत तो तिठा आहे जिथे ईडिपसने आपल्या बापाला ओळख न पटल्यामुळे मारलं, अशी कथा आहे. बहिणीने ही गोष्ट नेमकी तिथेच बाबांना सांगितली. बाबा म्हणाले, "बरं झालं, गाडी तू चालवत नाहीयेस."

डेल्फीत साडेनऊला पोचलो. मागे फेड्रिआडिसचे उभे कडे, खाली दरी, आणि दरीत जैतुनाची झाडं, थेट समुद्रापर्यंत. इतकी दाट की वरून हिरवट राखाडी पाण्यासारखी दिसतात. जागा कुणी निवडली असेल त्याला सलाम. देवळाचं काही उरलं नसतं तरी लोक इथे आले असते.

पवित्र मार्ग नागमोडी वर चढतो. दोन्ही बाजूंना एकेका नगरराज्याने बांधलेल्या खजिन्याच्या खोल्या. युद्ध जिंकलं की लुटीतला हिस्सा अपोलो देवाला, आणि तोही शेजाऱ्याच्या डोळ्यांत खुपेल अशा जागी. आज उभी दिसते ती अथेन्सची खोली. पारोस बेटाच्या संगमरवरातली, पण ती १९०३ ते १९०६ दरम्यान पडलेले दगड जुळवून पुन्हा उभी केलेली आहे. अपोलोच्या देवळाचे सहा खांब उभे आहेत, तेही गेल्या शतकात उभारलेले. आधीचं देऊळ इ.स.पू. ३७३ च्या भूकंपात कोसळलं, त्यानंतर बांधलेल्या देवळाचा हा चौथरा. इथेच आत कुठेतरी पिथिया, म्हणजे भविष्य सांगणारी पुजारीण, तिवईवर बसायची आणि देव तिच्या तोंडून बोलायचा. आई चौथऱ्यासमोर हात जोडून दोन मिनिटं डोळे मिटून उभी राहिली. एक जर्मन काकू तिच्याकडे बघत होत्या, मग त्याही गप्प उभ्या राहिल्या.

मला स्वतःला देवळापेक्षा त्याच्या खालची भिंत जास्त लागली. चौथऱ्याला आधार देणारी, वेड्यावाकड्या बहुकोनी दगडांची, सांधे वळणदार, सुरीची पातही जाणार नाही असे बसवलेले. लांबून नुसती भिंत. जवळ गेलं की कळतं की दगडादगडावर बारीक अक्षरं कोरलेली आहेत, ओळीवर ओळ, मुंग्यांची रांग चालावी तशी. शेकडो गुलामांच्या मुक्ततेचे करार आहेत हे. मालक गुलामाला अपोलोला 'विकायचा'. पैसे बहुतेक वेळा गुलामानेच साठवून दिलेले. देव खरेदीदार, म्हणजे पुन्हा कुणी हक्क सांगायला नको. साक्षीदारांची नावं, जामीनदाराचं नाव, रक्कम, सगळं भिंतीवर. सातबाराच म्हणा. मी तिथे वीस मिनिटं उभा होतो, घरचे वर नाट्यगृहात पोचून हाका मारत होते.

संग्रहालय चुकवू नका, तिकीट एकत्रच असतं. शेवटाकडच्या दालनात काशाचा सारथी उभा आहे, १.८ मीटर उंच, १८९६ मध्ये सापडलेला. डोळे जडवलेले, पापण्यांना तांब्याचे बारीक केस. झग्याच्या चुण्या खांबाच्या खाचांसारख्या सरळ. पण पाय बघा. रथात उभा असल्यामुळे ते कुणाला दिसणारच नव्हते, तरी बोटं, नखं, घोट्याजवळच्या शिरा सगळं आहे.

दुपारी आराहोव्हा गावात जेवलो. गल्ली इतकी अरुंद की समोरून ट्रक आला आणि आमचा उजवा आरसा एका घराच्या भिंतीला घासला. डाव्या बाजूचे आजोबा खुर्ची न हलवता हातवारे करून मला मार्ग दाखवत राहिले.

चारला मठात. खाली दरीत बदामाची झाडं, अंगणात पारावर सावली. आणि दारात आम्हाला अडवलं, कारण बाबा हाफपँटीत. शेवटी आईने ओढणी दिली आणि बाबांनी ती लुंगीसारखी गुंडाळली. कोल्हापुरातल्या जावयासारखे दिसत होते, पण आत सोडलं.

आतलं काय सांगू? बाहेर लख्ख ऊन, आत पाऊल टाकल्यावर आधी काहीच दिसत नाही. मग हळूहळू भिंती सोनेरी होऊ लागतात. बाकीचं प्रतिसादांत लिहितो, टंकून हात दुखला.

---

चिंचगूळ | शनिवार, रात्री ११:१५

सुरेख! फोटो कुठायत?

आम्ही ऑक्टोबरमध्ये जातोय, सासूबाई ७२ वर्षांच्या, गुडघ्याचा त्रास. चढ कितपत आहे? आणि आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. उपाशी राहावं लागेल का?

---

वाटसरू | शनिवार, रात्री ११:५०

फोटो उद्या, बहिणीच्या मोबाइलमध्ये आहेत.

चढ आहेच. तिकीटघरापासून देवळापर्यंत माझी आई (६६) दोनदा बसून चढली. तिथून नाट्यगृह म्हणजे अजून पायऱ्या आणि स्टेडियम त्याच्याही वर. आई नाट्यगृहापर्यंत आली, स्टेडियमला मी एकटा गेलो. सासूबाईंना देवळापर्यंत न्या, तिथे बसू द्या. तिथून दिसणारी दरीच पुष्कळ आहे. संग्रहालय त्यामानाने सपाट. मठात गाडी जवळ जाते, त्रास नाही.

खाण्याचं सांगतो. आम्ही गेलो तेव्हा ईस्टरआधीचे उपवास चालू होते, म्हणून एक शब्द शिकलो : निस्तिसिमो. म्हणजे उपवासाला चालणारं. मांस नाही, अंडं नाही, दूधही नाही. खानावळीत हा शब्द उच्चारल्यावर वेटरचा चेहराच बदलायचा, आम्हाला भाविक समजायचे. टोमॅटोत शिजवलेल्या मोठ्या पांढऱ्या शेंगबियांना 'गिगांतेस' म्हणतात, पावट्याच्या उसळीच्या दूरच्या बहिणी. 'होर्ता' म्हणजे उकडलेली रानभाजी, वर लिंबू आणि तेल. आईला तांदुळजाची आठवण आली. आराहोव्हाचं फोर्माएला नावाचं चीज तव्यावर भाजून देतात, ते दूध चालणाऱ्यांसाठी.

---

मु.पो.अथेन्स | रविवार, सकाळी ७:२०

इथे नऊ वर्षं राहते, म्हणून एक सावधानतेची सूचना. निस्तिसिमोवर आंधळा विश्वास ठेवू नका. उपवासाला रक्त असलेला प्राणी चालत नाही, पण माकूल, ऑक्टोपस, कोळंबी चालते! आमच्याकडे आलेल्या एका मावशींनी 'उपवासाचा भात' मागवला होता आणि त्यात शिंपल्या निघाल्या. "होरीस थालासिना", म्हणजे समुद्रातलं काही नको, हेही जोडीला सांगा.

गाडी चालवणार असाल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो भारतातूनच काढून या. गाडी नको असेल तर अथेन्सच्या लिओसिऑन स्थानकातून डेल्फीला एसटीसारखी बस जाते, तीन तास. पण बसने गेलात तर मठ जमवणं कठीण. मठापर्यंत टॅक्सी करावी लागते, तीही येण्याजाण्याची ठरवून. नाहीतर तिथे बदाम मोजत बसाल.

वाटसरू, एक विचारू? दिस्तोमोत थांबलात का? मठाच्या आधीचं गाव.

---

वाटसरू | रविवार, सकाळी ९:०५

नाही हो. टेकडीवर पांढरं काहीतरी दिसलं होतं, उशीर होत होता म्हणून पुढे गेलो. काय आहे तिथे?

---

मु.पो.अथेन्स | रविवार, सकाळी ९:३०

१० जून १९४४. जवळच्या चकमकीचा सूड म्हणून जर्मन एसएस सैनिकांनी त्या गावातली २१८ माणसं मारली. म्हातारे, बायका, तान्ही मुलंसुद्धा. टेकडीवर त्यांचं स्मारक आहे, नावं कोरलेली. भरपाईचा खटला त्यांच्या वारसांनी अनेक वर्षं अनेक देशांच्या न्यायालयांत लढवला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मठ बघून आनंदात परतत होते, वाटेत सहज चढले वर. एकाच आडनावाच्या ओळीच्या ओळी होत्या. नंतर गाडीत कुणी बोललं नाही.

ओझं टाकायला नाही लिहिलं. पण तुम्ही भिंतीवरच्या नावांपाशी वीस मिनिटं थांबलात म्हणून सांगावंसं वाटलं.

---

कोकणकन्या | रविवार, दुपारी १२:१०

वाचता वाचता मला सारखा आमच्या गावच्या देवळातला कौल आठवत होता. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पडली की डावी यावर उत्तर. लग्न, जमीन, मुंबईला जाऊ की नको, सगळं देवाला विचारून. डेल्फीतही असंच होतं का? की फक्त राजे-रजवाडे विचारायचे?

---

दगडवाचक | रविवार, दुपारी २:४५

छान प्रश्न. साधी माणसंही विचारायची. मूल होईल का, प्रवासाला निघू का, हेच प्रश्न. पण रोज नव्हे. महिन्यातून एकदा, सातव्या दिवशी, आणि तेही वर्षाचे नऊ महिने. हिवाळ्यात अपोलो उत्तरेकडे निघून जातो अशी समजूत होती आणि त्या काळात डेल्फी डायोनिसस या दुसऱ्या देवाची. त्यामुळे रांग! आणि रांग आली की व्हीआयपी दर्शन आलंच. त्याला 'प्रोमांतेइया' म्हणत, आधी विचारण्याचा मान. किऑस बेटाच्या लोकांनी देवळासमोरची मोठी वेदी बांधून दिली, त्याबदल्यात त्यांना हा मान मिळाला, आणि तसं वेदीवर कोरूनही ठेवलं. वाटसरू, देवळासमोर गडद दगडाची उंच वेदी दिसली असेल, तीच.

आता कोकणकन्येसाठी खास. प्रश्न विचारण्याआधी बकरीवर गार पाणी शिंपडत. ती नखशिखान्त थरथरली तर देव बोलायला राजी. नाही थरथरली तर त्या दिवशी काम बंद.

---

कोकणकन्या | रविवार, दुपारी ३:००

आई गं! अंगावर काटा आला. बोकडाने अंग झाडलं की देवाने मान्य केलं, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. गावाचं नाव सांगत नाही, आता बंद झालंय.

---

शंकासुर | रविवार, सायंकाळी ५:३०

आलोच मी. नाव सार्थ करायला.

१) थंडगार पाणी अंगावर पडलं की कुठलीही बकरी थरथरेल. मीही थरथरतो. यात देव कुठे आला?
२) पिथिया खालून येणाऱ्या वायूने गुंगायची आणि बरळायची, पुजारी त्याचे श्लोक करायचे. मग त्याला दैवी म्हणायचं की नशा?
३) लिडियाचा राजा क्रीसस याला सांगितलं की नदी ओलांडलीस तर मोठं साम्राज्य नष्ट होईल. त्याने ओलांडली आणि त्याचंच गेलं. असं गुळमुळीत उत्तर मीही देतो. तिवई द्या फक्त.

---

दगडवाचक | रविवार, रात्री ९:१०

शंकासुर, तुमच्यासाठी तिवईची व्यवस्था करू :)

वायूचं प्रकरण इतकं सरळ नाही. फ्रेंचांनी १८९२ पासून मोठं उत्खनन केलं. त्यासाठी अवशेषांवर वसलेलं कास्त्री गाव उठवून दुसरीकडे बसवलं. पण त्यांना देवळाखाली भेग सापडली नाही, म्हणून वायूची गोष्ट बरीच वर्षं भाकडकथा मानली गेली. पुढे भूशास्त्रज्ञ येले दे बूर आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हेल यांनी २००१ मध्ये मांडलं की देवळाखाली दोन भ्रंशरेषा, म्हणजे खडकातल्या भेगा, एकमेकींना छेदतात आणि तिथल्या झऱ्याच्या पाण्यात इथिलिनचे अंश आहेत. इथिलीन गोडसर वासाचा, गुंगी आणणारा. इतर शास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप घेतले, म्हणाले एवढं इथिलीन तिथे तयारच होणार नाही. वाद चालू आहे. प्लूटार्क, जो स्वतः डेल्फीचा पुजारी होता, तो गोड वासाचा उल्लेख करतो, एवढं मात्र खरं.

आणि बरळण्याबद्दल : ग्रीक इतिहासकार हेरोडोटस वाचलात तर पिथिया बरळत नाही, स्पष्ट बोलते.

बकरीचं ऐका. प्लूटार्कच सांगतो की एकदा बाहेरगावचे मानकरी आले होते, बकरी काही केल्या थरथरेना. पुजाऱ्यांनी पाण्याचा मारा करकरून तिला कशीबशी थरथरवलं. पिथिया मनाविरुद्ध आत गेली, पहिल्याच शब्दांना तिचा आवाज घोगरा झाला, किंचाळत दाराकडे धावली आणि कोसळली. काही दिवसांत वारली.

---

शंकासुर | रविवार, रात्री ९:४०

हम्म. म्हणजे मानकऱ्यांच्या दबावाखाली चुकीचं काम केलं आणि भरडली ती बाई. हे मात्र पटलं. क्रीससचं अजून नाही.

---

दगडवाचक | रविवार, रात्री १०:२०

क्रीससचं मलाही पूर्ण पटत नाही, हेरोडोटस गोष्ट रंगवून सांगणारा माणूस. पण त्यात देवाची बाजूही आहे : त्याने पुन्हा विचारायला हवं होतं, 'कुणाचं साम्राज्य?' विचारलं नाही. त्याउलट अथेन्सकरांचं बघा. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी चालून येत होते, तेव्हा उत्तर मिळालं, पळून जा, सगळं संपलंय. ते पुन्हा जाऊन बसले, म्हणाले, बरं काहीतरी सांगितल्याशिवाय उठत नाही. तेव्हा लाकडी भिंत तुम्हाला वाचवेल असं उत्तर मिळालं. लाकडी भिंत म्हणजे किल्ल्याचं कुंपण की जहाजं, यावर भर सभेत खडाजंगी झाली, त्यांचा नेता थेमिस्टोक्लिसने जहाजं म्हणून पटवलं आणि सालामिसची समुद्रातली लढाई जिंकली. म्हणजे देव सांगून मोकळा, वाद लोकांनीच घालायचा. मला ते आपल्या ग्रामसभेसारखं वाटतं.

वाटसरूने गुलामांच्या करारांबद्दल लिहिलंय ते उत्तम, पण एक कडू पुस्ती. त्यातल्या बऱ्याच करारांत अट असते की मुक्त झालेल्याने मालक मरेपर्यंत त्याच्याजवळच राहून चाकरी करायची. भिंतीवर 'मुक्त', घरी तेच भांडी-धुणं.

---

वाटसरू | रविवार, रात्री ११:००

हे माहीत नव्हतं. सकाळपासूनचा माझा आनंद तुम्ही आणि मु.पो.अथेन्स यांनी मिळून बराच उतरवलात, पण बरं झालं.

---

लेणीवेडा | सोमवार, सकाळी १०:१५

एक आपल्याकडचा धागा जोडतो, ओढूनताणून नाही. डेल्फीच्या भिंतींवर जी सुभाषितं होती, 'स्वतःला ओळख', 'कशाचाही अतिरेक नको' वगैरे, ती क्लिआर्कस नावाच्या एका ग्रीकाने नीट उतरवून घेतली आणि थेट आजच्या अफगाणिस्तानातल्या आय-खानूम इथे दगडावर कोरवली. तो दगड सापडलाय. शेवटच्या ओळी माणसाच्या वयाप्रमाणे आहेत : लहानपणी नीट वाग, तरुणपणी संयम ठेव, मध्यम वयात न्यायी हो, म्हातारपणी चांगला सल्ला दे, मरताना दुःख करू नको.

आणि ग्रीकांसाठीचा आपला 'यवन' हा शब्द कार्ले, जुन्नर, नाशिकच्या लेण्यांत दात्यांच्या नावांमागे येतो. कार्ल्याच्या चैत्यात खांबांवर धेनुकाकट गावचे यवन आहेत. नाशिकच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात उत्तरेकडचा योनक (म्हणजे यवनच) इंद्राग्निदत्त आहे, धर्मदेवाचा मुलगा. नावं अगदी आपली झालेली. तेव्हा वाटसरू, पुढच्या रविवारी कार्ल्याला जाऊन खांबांवरची अक्षरं बघा. दगडाजवळ वीस मिनिटं उभं राहण्याची सवय लागलीच आहे.

---

शंकासुर | सोमवार, सकाळी १०:४०

+१. कार्ल्याला रविवारी जाऊ नका मात्र. एकवीरेची गर्दी असते, गाडी लावायला जागा मिळाली तर तो खरा चमत्कार.

---

रंगरेषा | सोमवार, दुपारी ४:००

सगळे डेल्फीतच अडकलात! वाटसरू, मठाबद्दल लिहितो म्हणालात ते लिहा की. मी मोझेक (रंगीत तुकडे जडवून केलेली भित्तिचित्रं) शिकण्यासाठी तिथे दोन दिवस काढलेत, तुमच्या डोळ्यांनी ऐकायचंय.

---

वाटसरू | सोमवार, रात्री १०:३०

लिहितो, चुका सांगा.

हा लुकास म्हणजे बायबलमधला ल्यूक नव्हे. हा स्थानिक तपस्वी, इथेच राहिला आणि ९५३ मध्ये इथेच गेला. रोमानोस नावाचा सम्राट क्रीट बेट परत मिळवेल असं त्याने सांगून ठेवलं होतं म्हणतात, आणि ९६१ मध्ये दुसऱ्या रोमानोसच्या काळात क्रीट खरंच परत आलं. म्हणजे डेल्फीपासून पाऊण तासावर, दीड हजार वर्षांनी, पुन्हा भविष्य सांगणारा! आई म्हणाली, "या डोंगरातच काहीतरी आहे." (शंकासुर, शांत बसा.)

दोन चर्चं पाठीला पाठ लावल्यासारखी चिकटलेली आहेत. देवमातेचं धाकटं दिसणारं चर्च खरं तर वयाने मोठं, १०व्या शतकातलं. मोठं ११व्या शतकातलं. दोहोंच्या सांध्यापाशी संताचे अवशेष काचेच्या पेटीत आहेत. ते शतकानुशतकं इटलीत होते, १९८६ मध्ये व्हेनिसहून परत आले. एक आजी आली, काचेला ओठ टेकवले, मग पदराने... नाही, रुमालाने काच पुसली आणि पुढच्या माणसाला जागा दिली. आईने ते बघितलं आणि तीही रांगेत लागली.

मोठ्या घुमटातलं मूळ मोझेक भूकंपात पडलं, आता तिथे रंगवलेलं चित्र आहे. पण प्रवेशमंडपात डाव्या-उजव्या कोनाड्यांत जे आहे त्यापुढे आम्ही अर्धा तास होतो. ख्रिस्त शिष्यांचे पाय धुतोय. पीटर एका हाताने आपल्या डोक्याकडे बोट दाखवतोय, म्हणजे पायच का, डोकंही धुवा! आणि बाकीचे शिष्य आपापल्या वहाणांचे बंद सोडतायत. एकाने पाय दुसऱ्या पायावर घेतलाय, आपण देवळाबाहेर बूट काढताना घेतो तसाच. बाबा, ओढणीच्या लुंगीत, म्हणाले, "हा बघ, याची गाठ सुटत नाहीये."

निघताना एका साधूने आम्हाला गार पाणी आणि साखर भुरभुरवलेली वडी दिली. भाषा नव्हती. आईने नमस्कार केला, त्यांनी छातीवर हात ठेवला.

---

रंगरेषा | सोमवार, रात्री ११:१५

वा! बाबांना माझा नमस्कार सांगा, मी दोन दिवसांत गाठीकडे बघितलं नव्हतं.

थोडी भर घालते. ती सोनेरी चमक रंगाची नाही. काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख असतो, आणि ते तुकडे एका पातळीत न बसवता किंचित तिरके बसवतात. त्यामुळे आपण एक पाऊल सरकलो की भिंत हलल्यासारखी वाटते. मेणबत्तीच्या उजेडात तर श्वास घेते. म्हणून तिथे फ्लॅश मारणाऱ्यांचा मला राग येतो. सपाट उजेड पडला की सगळी गंमत मेली. आत शिरल्यावर पाच मिनिटं काही न बघता नुसतं उभं राहा, डोळे सरावू द्या, मग बघा.

खालच्या भिंतींवरचा संगमरवर पाहिलात का? एकच ठोकळा पातळ कापून पुस्तकासारखा उघडून लावलाय, शिरा दोन्हीकडे आरशासारख्या जुळतात. आणि बाहेर, जुन्या चर्चच्या विटांमध्ये अरबी कूफी लिपीसारखी नक्षी आहे. वाचता येत नाही, नुसती नक्षी. अरबांशी लढणाऱ्यांच्या चर्चवर अरबी अक्षरांचं वळण! तळघरातली भित्तिचित्रंही बघा, बहुतेक जण तिथे उतरतच नाहीत.

माझा सल्ला : सकाळी आधी मठ, मग डेल्फी.

---

मु.पो.अथेन्स | मंगळवार, सकाळी ७:४५

रंगरेषा, उन्हाळ्यात उलटं. जुलैत डेल्फीचा चढ दुपारी चढवला तर सासूबाई थेट अपोलोकडेच जातील. ऑक्टोबरात तुमचं म्हणणं चालेल. आणि कुठल्याही क्रमाने जा, दोन्हीकडच्या वेळा आदल्या दिवशी तपासा. हिवाळी वेळापत्रक लागू झालं की डेल्फी लवकर बंद होतं.

आणि रस्त्याच्या खालच्या बाजूचं अथेना प्रोनाइयाचं ठिकाण विसरू नका. गोल इमारत, २० खांबांपैकी तीन उभे. पत्रिकांवर, पोस्टरवर डेल्फी म्हणून जे छापतात ते हेच. वाटसरूने उल्लेखही केला नाही!

---

वाटसरू | मंगळवार, सकाळी ८:३०

वरूनच बघितलं हो, खाली उतरायचं त्राण नव्हतं. गुन्हा कबूल.

---

कोकणकन्या | मंगळवार, सकाळी ११:००

सगळ्यांनी सगळं विचारलं, मुख्य राहिलंच. काकू देवळासमोर डोळे मिटून उभ्या होत्या, त्यांनी काय विचारलं?

---

वाटसरू | मंगळवार, रात्री ९:२०

आत्ता फोन करून विचारलं. म्हणाली, सांगायचं नसतं. मग म्हणाली, गाडी धड परत पोचू दे एवढंच होतं. मग म्हणाली, नाही, तेवढंच नव्हतं. आणि फोन बाबांकडे दिला.

---

चिंचगूळ | मंगळवार, रात्री ९:३५

काकू ग्रेट!

तिकिटं काढली आम्ही. शेवटचा प्रश्न : चपला की बूट? सासूबाई सँडलवर अडून बसल्यात.

---

वाटसरू | मंगळवार, रात्री ९:४०

बूट, खालून खरबरीत. पवित्र मार्गावरचे दगड लाखो पायांनी घासून काचेसारखे झालेत, बहीण दोनदा घसरली. आणि बंद सोडायला सोपे असू देत, नाहीतर गाठ सुटणार नाही.